मुलगा लाईनीला लागला

इंधन हे वाहनाचं अन्न आहे, आणि अन्न हवं तर पंगतीत बसून राहावं लागतं, हे ज्याला उमगलं त्याला नैसर्गिक वायू उमगला. बाकीच्यांना नुसतं एवढंच माहीत असतं की तो स्वस्त पडतो.

पेट्रोल आणि डिझेल ही उतावळ्या माणसांची इंधनं. गाडी लावली, भरलं, निघाले. त्यात ना ओळखी होतात, ना स्वभावाला वळण लागतं. सीएनजीचं तसं नाही. तो नैसर्गिक असल्यामुळे निसर्गाप्रमाणेच वागतो, म्हणजे त्याच्या मनात येईल तेव्हा येतो. शिवाय तो प्रदूषणमुक्त आहे. चौक गावाच्या अलीकडच्या पंपावर याचा पडताळा कोणालाही घेता येईल. जुन्या हायवेच्या कडेने ढाब्यापासून थेट गॅरेजच्या पलीकडपर्यंत गाड्या उभ्या असतात आणि एकीच्याही नळकांड्यातून धूर निघत नाही, कारण सगळ्यांची इंजिनं बंद असतात. धावत्या गाड्यांना हे जन्मात जमलं नसतं. सरकारी भाषेत या वायूला पर्यायी इंधन म्हणतात. पर्यायी म्हणजे काय, तर एकदा ते घेतलं की माणसाला दुसरा पर्याय राहत नाही.

चौकजवळच राहणाऱ्या आबाजीच्या मुलाने, ऋतिकने, चौक ते कर्जत सीटं मारायला, म्हणजे माणशी भाडं घेऊन प्रवासी न्यायला, सीएनजीवरची इको व्हॅन घेतली, तेव्हा घरात आनंदीआनंद झाला. गाडीला हार घातला, लिंबं ठेवली. मागच्या जागेत गॅसची टाकी असल्यामुळे सामान मांडीवर घेऊन बसावं लागतं, हेही सगळ्यांनी कौतुकाने बघून घेतलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ऋतिक गॅस भरायला गेला, आणि तेव्हापासून तो, खरं सांगायचं तर, तिथेच आहे. मधे मधे धंदा करून येतो.

पंपावर गॅस भरणाऱ्यांच्या तोंडी एकच शब्द असतो: प्रेशर. "प्रेशर नाय!" अशी हाक आली की मागच्या शे-दीडशे माणसांचे खांदे एकदम पडतात. गॅसची लॉरी आली की प्रेशर येतं, गाड्या सरकतात, आणि निम्म्या भरेपर्यंत पुन्हा जातं. (लाईनीत रोज उभ्या राहणाऱ्यांपैकी निम्म्यांचं स्वतःचं प्रेशर मात्र कायम वाढलेलं असतं. उरलेल्या निम्म्यांनी अजून तपासलेलं नाही.)

या लाईनीला घटना आहे. ती कुठेही लिहिलेली नाही, म्हणून सगळे ती पाळतात. जेवायला गेलेल्याचा नंबर राहतो, झोपलेल्याचा जातो. गाडी पुढे घ्यायची ती ढकलून. इंजिन चालू करणाऱ्याकडे लोक उधळ्या म्हणून बघतात. गॅस भरताना सगळ्यांनी खाली उतरायचं, मग आत म्हातारी असो, बाळंतीण असो की आमदार (आमदार अद्याप उतरलेले नाहीत, कारण ते लाईनीतच आलेले नाहीत). आणि सगळ्यांत कडक कलम असं, की मधे घुसणाऱ्याची गय केली जाणार नाही. अपवाद फक्त नातेवाइकांचा. पुढच्याचा नातेवाईक मधे आला तर त्याला घुसणं म्हणत नाहीत. 'आपलेच हायत' म्हणतात.

अशा या घटनात्मक वातावरणात ऋतिकचा उत्कर्ष झाला. घरात हाक मारली तरी ओ न देणारं हे पोरगं लाईनीत चौघांची भांडणं मिटवायला लागलं. कोण कोणाच्या मागे होता हे त्याला तोंडपाठ. ढाबेवाल्याने त्याला गळ्यात अडकवायला एक शिट्टी दिली. कोणीतरी चमकत्या पट्ट्यांचं जाकीट आणून घातलं. मालवाहू टेंपोवाला किशोर, जो कोणाच्या बापाचं ऐकत नाही, तोसुद्धा ऋतिकची शिट्टी वाजली की गपचूप मागे सरे. पोराला समाजात मान मिळाला. फक्त लग्न तेवढं होत नव्हतं.

आबाजीला त्यामुळे घास गोड लागत नसे. तीन ठिकाणांहून नकार आले होते. मुलींना ड्रायव्हर नको, शेतीवाला तर त्याहून नको, आणि आपलं पोर तर दोन्ही. वय निघून चाललं होतं. रात्री जेवताना पोराच्या कानाजवळचे पांढरे केस दिसले की आबाजी ताटाकडे बघत बसायचा. त्याची बायको भागूबाई मग उगाच भाताचा आणखी एक डाव वाढायची, जणू त्याने केस काळे होणार होते.

अशात पोशीरला भागूबाईच्या भाचीचा साखरपुडा निघाला. जेवणं उरकल्यावर मांडवात आबाजीच्या शेजारच्या खुर्चीवर शेलूचे किरणराव येऊन टेकले. किरणराव नव्या इमारतीत राहणारे, ऑफिसात नोकरी करणारे, आणि लग्नाची मुलगी असणारे. मुलीचं नाव नम्रता. बदलापूरच्या एका दवाखान्यात ती रक्त तपासण्याचं काम करते. बोलता बोलता विषय निघाला, आणि किरणरावांनी, आपल्याकडे मुलाच्या बापाला जो पहिला प्रश्न विचारतात तोच विचारला.

"मुलगा लाईनीला लागला का?"

आबाजी खोटं न बोलणारा माणूस. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, "लागला की. चौकला. गॅसवर हाय."

"गॅसवर? मग उत्तमच. कायमचं का?"

"कायमच म्हनायचं. पहाटं जातो, तो कवा कवा सांजच्याला येतो."

"ओव्हरटाइम असणार."

"टायमाचा काय भरवसा नाय वो. सगळं प्रेशरवर."

"कामाचं प्रेशर हल्ली कुठे नाही!" किरणराव कळवळून म्हणाले. "हाताखाली माणसं आहेत का?"

आबाजीने जरा विचार केला. "माणसं लय. शिट्टी वाजीवली की सगळी सरकतात."

या संभाषणाची कोणत्याही चौकशी समितीने खुशाल तपासणी करावी. त्यात एकही असत्य विधान सापडणार नाही. नंतर किरणरावांचा फोन आला, की रविवारी मुलीला घेऊन येतो, मुलाला कामाच्या ठिकाणीच पाहू, म्हणजे उगाच पोह्यांचा त्रास नको. आबाजीने हे हौसेने भागूबाईला सांगितलं. तिने हातातलं सूप खाली ठेवलं.

"कामाचं ठिकान? कंचं काम?"

"ह्येच. लायनीचं."

"अवो, त्यांना वाटलंय पोरगा कंपनीत नोकरीला हाय!"

तेव्हा कुठे आबाजीच्या डोक्यात उजेड पडला. पडला तो असा पडला, की त्याला दरदरून घाम फुटला. फोन करून खरं सांगावं असं त्याला फार वाटलं. पण सांगायचं तरी काय? खरंच तर सांगितलं होतं. शिवाय, मनातल्या मनात म्हणा, त्याला ही सोयरीक हवी होती. नुसती हवी नव्हती, जीव तुटत होता. त्यामुळे तो रविवारपर्यंत गप्प राहिला आणि रविवारी सकाळी धुतलेली टोपी घालून पंपावर जाऊन उभा राहिला.

किरणराव स्वतःच्या गाडीने आले. गाडी सीएनजीची. मुलीला दुपारची ड्यूटी होती, म्हणून लवकर बघून लवकर निघायचं होतं. पंपावर उतरतात तो समोर ऋतिक: अंगात चमकतं जाकीट, तोंडात शिट्टी, एक हात वर. प्रेशर अजून यायचं होतं, तोवर तो लाईन नीट लावत होता; हात खाली घेतला की गाड्या सरकत, वर केला की थांबत. "ऋतिकशेठ, जरा बघा की," असं मोठमोठ्या टेंपोंची माणसं अजिजीने म्हणत होती. किरणरावांची छाती भरून आली. नम्रताही बघत होती, पण ती जाकिटाकडे नाही, पोराकडे. एका म्हाताऱ्याची रिक्षा ढकलायला तो स्वतः वाकला होता.

किरणरावांनी गॅस भरणाऱ्याला विचारलं, "हे तुमचे सुपरवायझर वाटतं?"

"कोन, ऋतिक?" गॅस भरणारा म्हणाला. "नाय वो, गिऱ्हाईक हाय."

इतिहासात साम्राज्यं कोसळलेली आहेत, पण इतक्या थोडक्या शब्दांत नाही. किरणराव तरातरा आबाजीकडे आले.

"तुम्ही म्हणालात मुलगा लाईनीला लागलाय!"

"मग ह्यो काय लागलेला!" आबाजी बोट दाखवून काकुळतीला आला. "आज तर पयलाच नंबर हाय त्याचा. वाटलं तर बघा."

"चल गं, नम्रता," किरणराव म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. त्यांनी किल्ली फिरवली. गाडीने घसा खाकरला आणि ती गप्प झाली. गॅसचा लाल दिवा येतानाच लागला होता. सीएनजीच्या गाडीत पेट्रोलचीही टाकी असते, नाही असं नाही. पण किरणरावांनी गाडी घेतल्यापासून तत्त्व म्हणून तिच्यात थेंब टाकला नव्हता. (गॅसच्या गाडीत पेट्रोल भरणं म्हणजे उपासाला मटण खाण्यासारखं आहे, असं ते ऑफिसात सांगत.) आता तो पेट्रोलचा भाग जाम होऊन बसला होता. लाईनीचं शेवटचं टोक गॅरेजच्या पलीकडे होतं, आणि दवाखान्यात नम्रताची वाट बघणारं रक्त थांबणारं नव्हतं.

नेमकी तेव्हाच गॅसची लॉरी आली. प्रेशर आलं. पहिला नंबर ऋतिकचा.

नम्रता गाडीतून उतरली आणि सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "तुमचा नंबर आम्हाला मिळेल का? ड्यूटीला उशीर होतोय."

लाईनीत मुलगा बापालाही स्वतःचा नंबर देत नाही. पहिला नंबर तर कोणी औषधालाही सोडलेला नाही. ऋतिक कानापर्यंत लाल झाला. "घ्या ना," तो म्हणाला, "मी मागं जातो." आणि खरोखरच तो आपली इको बाजूला ढकलायला लागला.

मागून असा भोंग्यांचा कल्लोळ उठला की ढाब्यावरची कुत्री पळाली. किशोर टेंपोतून उडी मारून पुढे आला. नियम म्हणजे नियम, मग तो शिट्टीवाल्याने का मोडेना.

"कोन लागतात रं तुझे?" त्याने विचारलं.

बापाचा खरेपणा पोरात उतरला होता, त्यामुळे खोटं नातं सांगण्याऐवजी ऋतिकने इको आणखी बाजूला ढकलली. आबाजी आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत राहिला. देवा, आता एवढंही हातचं जातंय, असं त्याला झालं होतं.

"बाबा," नम्रता शांतपणे म्हणाली, "ते विचारतायत. सांगा."

"ओळखीचे आहेत," किरणराव खिडकीतून म्हणाले.

"वळखीचे तर आमी समदेच हावोत. नातं सांगा, नायतर गाडी घ्या मागं!"

किरणरावांनी मागे पाहिलं. गॅरेज दिसत नव्हतं इतकं लांब होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं. मग, स्वच्छ पांढऱ्या शर्टाची कॉलर सारखी करून, ऑफिसातल्या माणसाने सहीच्या जागी सही करावी तसं त्यांनी म्हटलं:

"जावई आहे आमचा."

भोंगे बंद झाले. किशोरने दोन्ही हात जोडले. "मग अदुगर नाय सांगायचं? आपलेच हायत रं! घ्या पुढं, पावनं, घ्या पुढं. उतरा समदी खाली!"

गॅस भरेस्तोवर नियमाप्रमाणे सगळे खाली उतरले, आणि बघण्याचा कार्यक्रम झाला तो तेव्हा, हवेच्या मशीनशेजारी.

"तुमचे वडील एक शब्द खोटं बोलले नाहीत," नम्रता म्हणाली. "खोटं बोलले ते माझे. आता त्यांना खोटं पाडायचं, की खरं करायचं, ते तुम्ही सांगा."

ऋतिकला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. पण शिट्टी तोंडातच होती, आणि दम सोडला तशी ती वाजली. लाईनीने तो इशारा समजून एक गाडी पुढे घेतली. नम्रताने तो होकार समजला आणि हसली. किरणराव आबाजीला बाजूला घेऊन "मी ते फक्त गॅसपुरतं" असं काहीतरी म्हणणार होते, पण आबाजी टोपीने डोळे पुसत होता, आणि टाकी पूर्ण भरली होती. भरल्या टाकीने माणूस फार वाद घालू शकत नाही.

लग्न मार्गशीर्षात आहे. तेव्हापासून त्या लाईनीत जावयांचं प्रमाण विलक्षण वाढलं आहे. परवा एका टेंपोवाल्याने तर स्वतःपेक्षा वयाने मोठा जावई सादर केला आणि तो मान्यही झाला. ऋतिक शिट्टी वाजवतो, लोक नाती सांगतात, प्रेशर येतं-जातं.

काही वाचकांना हा सरळ सरळ अन्याय वाटेल. मागे उन्हात उभा राहिलेला माणूस काय मूर्ख आहे का, असं ते रागाने विचारतील, आणि त्यांचा राग रास्तच आहे. त्यांनी फक्त एवढं आठवून पाहावं, की पोराच्या शाळेत, मोठ्या डॉक्टरकडे, देवाच्या दर्शनाला तुमचा नंबर चटकन लागला, तेव्हा आतला माणूस तुमचा कोण लागत होता? नसेल आठवत तर डोक्याला ताण देऊ नका. मागे जे उभे होते त्यांना चांगलं आठवतंय.