सी ब्लॉकची झीज

सी ब्लॉकची लिफ्ट बिघडलेली नव्हती. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण सरकारी वसाहत म्हटली की लिफ्ट बंदच असणार असं आपण धरून चालतो. इथली लिफ्ट उत्तम चालत होती, आणि पुढे जे झालं ते ती चालत होती म्हणूनच झालं.

वसाहत अन्नपूर्णेच्या देवळाच्या पुढे, नगर गृहसंपदा मंडळाची. बंद पडलेल्या मिलमधल्या काही कुटुंबांना तिथे घरं मिळाली. त्यांत माझे आतोबा, शरच्चंद्र पुराणिक. मिलमध्ये टाइमकीपर होते. घर पाचव्या मजल्यावर मिळालं आणि माझ्या कमलआत्याचे दोन्ही गुडघे तोवर गेलेले होते. पण लिफ्ट असल्याने तिचं काही अडत नसे. रोज पाचला ती काठी टेकत खाली यायची, फाटकाजवळच्या ठेल्यावर शिळ्या कोथिंबिरीवरून वाद घालायची, बायकांत तासभर बसायची आणि वर जायची. "दिवसभर मी पेशंट असते, पाच ते साडेसहा माणूस असते," असं ती म्हणायची.

मंडळाने 'भविष्य गृहसाठा अभियान' हाती घेतलं. मंडळाची सगळी घरं सन २०७५ पर्यंत सुस्थितीत राहावीत, हा उद्देश. त्यात नाव ठेवण्यासारखं काहीच नाही. या कामावर ऋषभ पंडित नावाचा सहायक संपदा व्यवस्थापक नेमला गेला. वय अठ्ठावीस, हातात टॅब्लेट, स्वभावाने नम्र. मराठी घरातलाच, पण मराठी जरा विरळ झालेलं. तो पहिल्यांदा पाहणीला आला तेव्हा आत्याने त्याच्यापुढे पोहे ठेवले.

"काकूजी, लिफ्ट रोज किती वेळा यूज होते, काही अंदाज?"

"माझं विचारशील तर एकदा खाली, एकदा वर."

"सगळ्यांचं मिळून एकशे चाळीस वेळा." ऋषभने टॅब्लेट तिच्याकडे वळवला. "मशीनचं आयुष्य फेऱ्यांमध्ये मोजतात. या स्पीडने ही लिफ्ट दोन हजार एक्केचाळीसमध्ये खतम होते."

"मी त्याच्या आधीच होईन रे."

"तेच म्हणतो ना मी. आपण वापरून निघून जाणार. नंतरवाले लोक मग काय करतील?"

आतोबांना मुद्दा पटला. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा मांडल्या, त्याला कुणी तक्ता दाखवला की तो विरघळतो. "मुलगा दूरचं बघतो," ते म्हणाले.

पंधरा दिवसांनी पहिलं परिपत्रक लागलं. उतरताना गुरुत्वाकर्षणाची सोय निःशुल्क उपलब्ध असल्याने रहिवाशांनी लिफ्टचा वापर फक्त चढण्यासाठी करावा. आत्याने ऋषभला फोन लावला. "बाळा, माझं उलटं आहे. चढताना मी कशीबशी चढेन. उतरताना गुडघ्यात कळ येते."

"हे इंटरेस्टिंग आहे काकूजी," ऋषभ म्हणाला. "मी नोंद घेतो." त्याने खरोखरच नोंद घेतली. त्यानंतर निघालेल्या सुधारित परिपत्रकात वैद्यकीय प्रमाणपत्र असणाऱ्यांना दोन्ही दिशांची सवलत देण्यात आली.

आतोबांनी प्रमाणपत्र आणलं. डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलं होतं की रुग्णास जिन्याचा वापर करणं शक्य नाही. तीन प्रतींत ते मंडळात गेलं आणि आठवड्यात उत्तर आलं: 'सदर प्रमाणपत्रावरून लाभार्थी पाचव्या मजल्यास अनुरूप नसल्याचे निष्पन्न होते. घर व लाभार्थी यांच्यातील ही विसंगती नोंदवण्यात आली आहे. विसंगतीचे निराकरण होईपर्यंत सवलत देता येत नाही.'

आतोबा पत्र घेऊन मंडळाच्या कार्यालयात गेले. सोबत मी होतो.

"मग आम्हाला तळमजल्यावर घर द्या," ते म्हणाले. "सी ब्लॉकमध्येच दोन रिकामी आहेत. बांधल्यापासून कुलूप आहे."

ऋषभचा चेहरा उजळला. "त्या दोन घरांचं तर पूछोच नका अंकल. सगळ्या मंडळात त्यांनाच ए-प्लस आहे. भिंतीवर डाग नाही, नळ एकदम टाइट, फरशीवर एक ओरखडा नाही. त्यांच्यात माणसं टाकायची म्हणजे..." एखाद्या नव्या साडीवर कुणी चहा सांडण्याची गोष्ट काढावी तसा तो कासावीस झाला होता.

मी घरी येऊन कडक शब्दांत तक्रार अर्ज लिहून दिला. तोही नोंदवण्यात आला.

डिसेंबरात फेऱ्या वाचवण्यासाठी लिफ्टला सीलच लागलं. लिफ्टमन बंडूची बदली पंपघरावर झाली. त्या दिवसापासून कमलआत्या पाचव्या मजल्यावरच राहिली. चार महिने. पाच वाजले की ती साडी बदलून, केस नीट करून खिडकीत बसायची. दोरीला टोपली बांधून खाली सोडायची आणि ठेलेवाल्याशी वरूनच वाद घालायची. त्याला तिचं अर्धं ऐकू यायचं नाही आणि तो सरळ ताजी जुडी टाकून द्यायचा. "भांडायलासुद्धा माणूस समोर लागतो," ती मला म्हणाली. पुढे दोरीच्या घर्षणाने खिडकीच्या चौकटीचा रंग गेला, तेव्हा टोपलीबद्दलही नोटीस आली.

रहिवाशांनी विरोध केला नाही का, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर जयेश. जयेश सोनगरा दुसऱ्या मजल्यावर राहतो, ई-रिक्शा चालवतो आणि रहिवासी समितीचा अध्यक्ष आहे. मंडळाने दर महिन्याला ब्लॉकची क्रमवारी लावायला सुरुवात केली आणि जानेवारीत सी ब्लॉक दुसरा आला. पहिला बी ब्लॉक. हे जयेशला सहन होणं शक्य नव्हतं.

"भिया, बी ब्लॉकवाले आपल्यापुढे?" तो दारोदार जाऊन म्हणाला. "त्यांच्याकडे तर लोक जिनासुद्धा एकाआड एक पायरी चढतात. पायऱ्यांची झीज अर्धी."

मग सी ब्लॉकनेही कंबर कसली. पायऱ्यांच्या कडा झिजू नयेत म्हणून लोक अनवाणी चढू लागले. दिवसातून एकदाच खाली जायचं असं ठरलं. भिंतींवरचे देवांचे फोटो उतरले, कारण खिळे. दारं आपटू नयेत म्हणून उघडीच राहू लागली. कुणाकडे पाहुणे आले की जयेश जिन्यात उभा राहून त्यांचं वजन अंदाजाने विचारायचा. पाणी मोजकं, स्वयंपाक एक वेळ, फोडणी खिडकी उघडून. आतोबांनी जुन्या सवयीने एक रजिस्टर घातलं आणि कोण किती वेळा उतरला ते लिहू लागले. आत्याच्या नावापुढे रोज शून्य. समितीने तिचा जाहीर सत्कार केला. सत्कार खाली पटांगणात होता, त्यामुळे तिला येता आलं नाही.

मार्चमध्ये सी ब्लॉक पहिला आला.

त्याच महिन्यात ऋषभचा अंतिम अहवाल तयार झाला. प्रामाणिक माणूस होता तो. सगळ्या खोल्या, सगळे नळ, सगळ्या फरशा तपासून त्याने निष्कर्ष काढला, की लोकांनी कितीही जपून राहिलं तरी जिथे राहतात तिथे झीज होते आणि जिथे राहत नाहीत तिथे होत नाही. अपवाद एकही सापडला नाही. त्यामुळे सी ब्लॉकला संपूर्ण विश्राम द्यावा आणि लाभार्थ्यांची मागच्या मोकळ्या जागेत पत्र्याच्या खोल्यांत तात्पुरती सोय करावी.

समितीच्या सभेत आतोबांनी पहिल्यांदा हात वर केला.

"पण आम्ही त्या पत्र्याच्या खोल्या झिजवू त्याचं काय?"

"त्यांची फिकर नको अंकल," ऋषभ समजुतीने म्हणाला. "त्या गृहसाठ्यात येत नाहीत. त्यांना काही फ्यूचर नाही. त्या तुम्ही बिनधास्त वापरा."

एप्रिलमध्ये लोक हलले. कमलआत्याला खुर्चीत बसवून जयेश आणि आणखी तिघांनी पाच मजले उतरवलं, अनवाणी, कडांना पाय न लावता. खाली खुर्ची टेकली तेव्हा ती काही वेळ उठलीच नाही. मग काठी मागितली आणि कुणाकडेही न बघता थेट फाटकापर्यंत चालत गेली. ठेलेवाला तिला बघून हसला.

"अम्मा, बहुत दिन बाद."

"ही कोथिंबीर कालची आहे," आत्या म्हणाली.

त्या रात्रीपुरता आतोबांनाही अहवाल पुन्हा पटला. पण मे महिना लागला. पत्रा दुपारी असा तापायचा की आतोबा छपरावर ओली पोती टाकायचे आणि ती अर्ध्या तासात कडकडीत वाळायची. एका दुपारी आत्याला भोवळ आली. समोर सी ब्लॉकच्या सावलीत बसावं तर तिथे दोरी बांधलेली. माणसं टेकून बसल्याने भिंतीचा रंग जातो. तरी आत्या वर परतायचं नाव काढत नव्हती. "इथे घामाघूम होते, पण कुणीतरी दिसतं," ती म्हणायची.

सप्टेंबरात सी ब्लॉकला 'उत्कृष्ट जतन' ढाल जाहीर झाली आणि मंडळाचे वरचे साहेब पाहणीला आले. ऋषभने त्यांना एकेक घर दाखवलं. साहेब चकित झाले.

"वाह. रहता कौन है यहाँ?"

"कोई नहीं सर. इसीलिए."

पाचव्या मजल्यापर्यंत चढून साहेबांना धाप लागली. त्यांना उतरवण्यासाठी सील तोडून लिफ्ट सुरू करण्यात आली. नऊ महिने उभी असलेली लिफ्ट दोन माणसांना घेऊन निघाली आणि चौथ्या-तिसऱ्या मजल्यांच्या मधे थांबली. बंडूला पंपघरावरून बोलवायला माणूस गेला. तोवर आतोबा जिना चढून तिसऱ्यावर गेले, लिफ्टच्या जाळीपाशी पायरीवर बसले आणि फटीतून पाण्याची बाटली आत दिली.

"अंकल, किती टाइम लागेल?" आतून ऋषभचा आवाज आला. तो घाबरला होता.

"बंडू येईपर्यंत."

"इथे हवा येत नाही. काहीच दिसतसुद्धा नाही."

"घाबरू नकोस. मी इथेच बसलोय." थोडं थांबून आतोबा म्हणाले, "कमल चार महिने वर होती. मी रोज शून्य लिहायचो आणि मला वाटायचं, आपण चांगलं काम करतोय."

साहेबांना बाहेर काढल्यावर ऋषभ घाईने निघून गेला नाही. पत्र्याच्या खोलीत येऊन तो आत्याच्या पायाशी बसला. घामाने शर्ट अंगाला चिकटला होता. "काकूजी, मी रिपोर्टमध्ये लिहितो," तो म्हणाला. "मशीन चालवलं नाही म्हणून अडकलं, असं साफ लिहितो."

त्याने तसं लिहिलंही. अहवाल वर गेला, तिथे त्याच्यावर दोन बैठका झाल्या आणि भाषा निश्चित करून तो परत आला. बिघाडाचे कारण या रकान्यात एकच शब्द होता: 'वापर'. आता पुढची पन्नास वर्षं लिफ्ट मुळीच चालवायची नाही, असा आदेश सोबत होता. ऋषभची बदली देपालपूरला झाली. तिकडे मंडळाची दोनशे घरं बांधून तयार आहेत आणि ती अजून कुणी खराब केलेली नाहीत.

लिफ्ट अडकल्याचं आणि त्यापुढचं हे सगळं आतोबांनी मला गेल्या रविवारी त्या पत्र्याखाली बसून सांगितलं. मी संतापलो. मी म्हणालो की ही माणसं आहेत की काय आहेत. घरं राहण्यासाठी असतात, एवढी साधी गोष्ट यांना समजू नये. पेपरला पत्र लिहीन म्हणालो. आतोबांनी मान हलवली. मग मी घड्याळ बघितलं आणि उठलो.

"लगेच निघालास?" आत्या म्हणाली. "चहा तर होऊ दे."

"आज महिन्याचा पहिला रविवार, आत्या. विजय नगरच्या फ्लॅटवर जायचंय. खिडक्या उघडायच्या, नळ सोडून ठेवायचे. सात वर्षं झाली घेऊन."

"कोण राहतं तिथे?"

"कुणी नाही. लेकीसाठी ठेवलाय. उर्वी मोठी झाली की."

"उर्वी आता किती वर्षांची?"

"अकरा."

आत्याने ओलं पोतं पिळायला घेतलं. "ऊन व्हायच्या आत पोच," ती म्हणाली.

मी पोचलो. आठव्या मजल्यावर खिडक्या उघडल्या, पंखे फिरवले, भिंतींवरून हात फिरवून बघितला. एक डाग नाही. हवा खायला बाल्कनीत आलो, तर समोरच्या टॉवरमध्ये ठिकठिकाणी माझ्यासारखेच लोक खिडक्या उघडत होते. आम्ही महिन्यातून एकदा असेच भेटतो, लांबून हात करतो. सहाव्या मजल्यावर, उजवीकडून दुसऱ्या बाल्कनीत, हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन बहुधा तुम्हीच होता.