माझी तीन झाडं आणि सासूबाईंचं सूप

गांजा लावायचं मी ठरवलं ते पाठदुखीसाठी. निदान बायकोला तरी मी तसंच सांगितलं. खरं कारण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. (पुढे ते मी छप्पन्न माणसांसमोर सांगितलं, पण तो भाग यायचाय.)

आमच्या इसानात, म्हणजे थायलंडच्या ईशान्य भागात, घरजावई असण्याची कुणाला लाज वाटत नाही. लग्न झालं की पोरगा बोचकं उचलतो आणि बायकोच्या घरी राहायला येतो, आजवर सगळे असेच आले. लाज वाटते ती याची, की अकरा वर्षं राहूनही घरात आपलं म्हणावं असं काही नसतं. घर सासूबाईंचं. अंगणातला आंबा सासूबाईंचा. कोंबड्या त्यांच्या, आणि त्या कोंबड्या जिच्यावर बसून घाण करतात ती माझी मोटरसायकलसुद्धा कागदोपत्री त्यांचीच. माझी म्हणायला एक पाठ होती, तीही दुखायची.

मी रोई-एटजवळच्या एका तालुका कचेरीत खिडकीवर बसतो. ज्या वर्षी सरकारनं घरी गांजा लावायची मोकळीक दिली, त्या वर्षी माझा सगळा दिवस लोकांची नावं मोबाईलवर नोंदवण्यात जायचा. "आजी, इथं बोट ठेवा. नाही आजी, माझ्यावर नाही, मोबाईलवर." एका दुपारी खिडकीपुढे कुणी नव्हतं. मी स्वतःचंच नाव टाकलं. झाडांची संख्या, तीन. मालक, बुनलर्त. त्या 'मालक' शब्दाकडे मी इतका वेळ बघत राहिलो, की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मला पाणी आणून दिलं.

झाडं लावली स्वैपाकघराच्या मागच्या दाराशी, सासूबाईंच्या तुळशीच्या वाफ्याला लागून. ऊन तिथंच चांगलं येत होतं. स्वैपाकघराचं दार आणि सासूबाईंचा हात यांच्यात दीड पावलाचं अंतर होतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात यायला हवं होतं. नाही आलं.

झाडं मात्र अशी तरारली की विचारू नका. मी त्यांना तांदळाचं धुवण घालायचो, कोंबड्या हाकलायचो, कचेरीत जाताना त्यांचा निरोप घ्यायचो. बायको, लमयाय तिचं नाव, एकदा कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "माझ्याशी कधी इतकं गोड बोललात का हो?"

सासूबाई आतून ओरडल्या, "जावईबुवा, अंगाईपण म्हणा एखादी! आमच्या आजीच्या वेळी कोंबडीच्या सूपात याचं एक पान टाकायचे. एक! आणि यांनी जंगल लावलंय."

सासूबाईंचं नाव थोंगबाय. जीभ म्हणजे कोयता. पण त्या दिवसांत त्या आतून खचलेल्या होत्या. सासरे जाऊन शंभर दिवस होत आले होते, आणि एकदाही ते त्यांच्या स्वप्नात आले नव्हते. आमच्याकडे गेलेलं माणूस स्वप्नात येऊन सांगतं, तुम्ही दिलेलं पोचलं बरं का. शेजारच्या म्हातारीचा नवरा तर चौथ्या दिवशीच आला होता, वर चपला मागून गेला. सासूबाई रोज पहाटे उठायच्या आणि चुलीपुढे बसून पुटपुटायच्या, "आजही नाही आले. कुठंतरी उपाशी असतील ते." एवढी कडक बाई असं म्हणते तेव्हा फार वाईट वाटतं हो.

म्हणून शंभराव्या दिवसाचं पुण्यकार्य थाटात करायचं ठरलं. नऊ भन्ते घरी येणार, पठण करणार, जेवणार, आणि त्या दानाचं पुण्य सासऱ्यांना पोचणार. यात काही चुकलं तर सासरे उपाशीच राहणार, असं सासूबाईंनी मला आठवडाभर रोज बजावलं. माझ्याकडे बघून बजावलं.

त्या दिवशी सकाळी सहाला एक नवल घडलं. सासूबाईंनी मला स्वतःच्या हातानं सूपाचा वाडगा आणून दिला. अकरा वर्षांत पहिल्यांदा! वर समोर उभ्या राहिल्या.

"कसं झालंय?"

"फारच छान, आई."

"काही वाटतंय का?"

"काय वाटायचं?"

"नाही, सहज विचारलं. सगळं संपव."

माझे डोळे भरून आले. शेवटी या बाईनं मला आपलं मानलं, असं वाटलं. मी वाडगा चाटूनपुसून संपवला.

साडेनऊला भन्ते आले. पांढरा दोरा घराभोवती फिरवून त्यांच्या हातांत दिला, पठण सुरू झालं. अंगणातल्या मांडवात सगळी गल्ली हात जोडून बसली होती. साडेदहाच्या सुमाराला मी केळीची पानं कापायला मागच्या दाराशी गेलो आणि जागच्या जागी थिजलो.

तीन काड्या!

माझ्या तीन झाडांच्या जागी तीन काड्या उभ्या होत्या. पान नाही, तुरा नाही, शेंडा नाही. आधी वाटलं चोर. मग वाटलं कोंबड्या. मग मी उघड्या दारातून आत बघितलं, तर पाटावर हिरवे देठ पडलेले, सुरीला हिरवा चिकटा, आणि सूपाचं मोठं पातेलं रिकामं.

"अगं," मी लमयायला धरलं, "सूप कुठाय?"

"गेलं की भन्तेंपुढे. माझ्या मामांनी आत्ताच अर्पण केलं."

"अर्पण केलं?"

"मग काय, तुमची वाट बघायची? अहो, तोंड असं का झालंय तुमचं?"

मी नुसतं मागच्या काड्यांकडे बोट दाखवलं, मग पातेल्याकडे, मग वर आभाळाकडे. लमयाय दचकली. "आईनं? सूपात? शक्यच नाही!" म्हणाली, पण तिचाही रंग उडाला. नशा भन्तेंना वर्ज्य. नऊ भन्तेंचं शील मोडणार, आणि ते आमच्या घरात! आणि त्याचं जे काय होईल ते जाणार कुणाला? सासऱ्यांना. बिचारा शंभर दिवस उपाशी माणूस, आणि पहिल्या घासाला गांजा!

सासूबाईंना विचारावं, तर त्या पहिल्या रांगेत डोळे मिटून बसलेल्या. मी धावलो. मोठे भन्ते वाडग्यात चमचा घालणार एवढ्यात मी गुडघ्यांवर घसरत गेलो आणि त्यांचा वाडगा दोन्ही हातांनी धरला.

मांडवातल्या सगळ्या माना आमच्याकडे वळल्या.

मोठे भन्ते ऐंशीचे, शांत. त्यांनी वाडग्यावरच्या माझ्या हातांकडे पाहिलं.

"उपासक," ते म्हणाले, "तू हात लावलास."

तुम्हाला यातली गोम कळणार नाही म्हणून सांगतो. एकदा भन्तेंना अर्पण केलेल्या अन्नाला आपण हात लावायचा नसतो. लावला, की ते अर्पण मोडलं. भन्तेंना ते खाता येत नाही. जो हात लावतो, त्यानं ते पुन्हा अर्पण करायचं.

"भन्ते, ते... या सूपात... माशी पडली," मी म्हणालो. (छप्पन्न माणसांसमोर 'गांजा' म्हणायला जीभ रेटेना.)

"माशी दिसत नाही."

"लहान होती."

मागून मामा खेकसले, "अरे बुनलर्त, बारा वाजायच्या आत जेवण व्हायला हवं त्यांचं! तमाशा बंद कर आणि दे पुन्हा!"

सासूबाईंनी एक डोळा उघडला. त्या एका डोळ्यात जे होतं ते पाहून मी वाडगा उचलला, डोक्याला लावला आणि मोठ्या भन्तेंच्या हातात दिला. म्हणजे बघा, जे पाप सरळ मामांच्या नावावर जात होतं, ते मी धावत जाऊन, गुडघे खरचटवून, आपल्या दोन हातांनी माझ्या नावावर करून घेतलं!

भन्ते जेवू लागले. मी भिंतीशी बसून बघत राहिलो आणि हळूहळू माझी बोबडी वळली. परिणाम दिसायला लागला होता! मोठ्या भन्तेंचा चमचा वाडग्यातून तोंडाकडे निघाला, तो पोचेचना. तेवढ्या वेळात आमच्या कचेरीत एक फाईल मंजूर झाली असती. टोकाला बसलेले तरुण भन्ते डोळ्यांची उघडझाप करत होते, आणि दर उघडझापीला मला टाळ्या ऐकू येत होत्या. पांढरा दोरा गुणगुणत होता. मी भन्ते मोजले. अकरा भरले. पुन्हा मोजले. आता आठ भरले, आणि त्यातला एक पंखा होता.

"लमयाय," मी कुजबुजलो, "बघतेस ना? सगळे झिंगलेत!"

"ते नुसते भात खातायत हो."

"किती हळू खातायत!"

"रोज तसेच खातात. तुम्ही घामानं भिजलाय, पाणी प्या."

जेवण झालं. आशीर्वादाचं पठण सुरू झालं आणि सासूबाई छोट्या झारीतून वाटीत पाण्याची धार सोडायला लागल्या. हीच ती वेळ. या धारेबरोबर पुण्य गेलेल्या माणसाकडे जातं. त्यांचे ओठ सासऱ्यांचं नाव घेत होते. माझ्या डोळ्यांसमोर सासरे हात पसरून उभे राहिले, आणि त्यांच्या ओंजळीत... मला ते सहन होईना.

"थांबा!" मी ओरडलो. "आई, धार थांबवा! सूपात गांजा आहे!"

मग मला थांबताच येईना. आत बांध फुटल्यासारखं झालं. मी रडत रडत सांगितलं, की झाडं माझी, पाप माझं, यांचं काही नाही. पाठ दुखते हेही अर्धं खोटं. "या घरात माझं काही नव्हतं हो," मी मोठ्या भन्तेंचे पाय धरून म्हणालो. "ती तीन झाडं तेवढी माझी होती. रोज सकाळी उठून माझं असं काही बघायला मिळायचं." तिथं थांबलो असतो तर बरं दिसलं असतं. पण नाही! आंबवलेल्या माशांचं मडकं कुत्र्यानं फोडलं नव्हतं, वास सहन होईना म्हणून मीच ते उसात पुरलं, हेही सांगितलं. सासऱ्यांचा झुंजीचा कोंबडा पळून गेला नव्हता, तो पहाटे कानाशी आरवायचा म्हणून फाटक मीच उघडं ठेवलं होतं, आणि वर दोन दिवस सासऱ्यांबरोबर त्याला शोधत फिरलो, हेही सांगितलं. सासूबाईंना मी कचेरीत 'कलेक्टर' म्हणतो, हेही सांगितलं.

सासूबाईंनी झारी खाली ठेवली.

"भन्तेंच्या सूपात गांजा?" त्या म्हणाल्या. "मला काय वेड लागलंय?"

"मग झाडांची पानं?"

"थोडी तुझ्या वाडग्यात. बाकीची छपरावर वाळत घातलीत."

"माझ्या?"

"आजी टाकायची तसं घालावं असं मनात होतं. पण थेट भन्तेंना कसं द्यायचं? आधी कुणावर तरी बघायला नको? तुला दिलं. नऊ वाजता तू आंब्याला हात जोडून 'या, बसा, उशीर केलात' म्हणालास. मग म्हटलं नको. भन्तेंचं सूप साधंच आहे."

म्हणजे झिंगलेला एकटा मी होतो. अकरा भन्ते माझे होते. दोरा माझ्याच डोक्यात गुणगुणत होता. लमयायनं खांद्यावरच्या शेल्याआड तोंड लपवलं, मामा उघड उघड मांडी थोपटत होते.

मोठ्या भन्तेंनी शांतपणे माझा हात पायांवरून सोडवला. "उपासक, आम्ही नऊ आहोत आणि शुद्धीवर आहोत," ते म्हणाले. "बाई, धार पुरी करा. पोचेल."

सासूबाईंनी झारी उचलली आणि धार पुरी केली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या दिवशी मी घरात फिरलो तो भिंतीला घासून. मडकं एकवेळ माफ होईल, पण 'कलेक्टर' आणि तो कोंबडा? लमयाय म्हणाली, "उद्या सकाळी आई काय म्हणते बघू. बोचकं आहे ना तुमचं जागेवर?" ती थट्टा करत होती का, ते मला अजून कळलेलं नाही.

सकाळी सासूबाई चुलीशी बसल्या होत्या. डोळे सुजलेले, पण चेहरा असा उजळलेला की मी घाबरून दारातच उभा राहिलो.

"आले होते," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"ते. स्वप्नात. पोट भरलेलं होतं त्यांचं." त्यांनी डोळे पुसले. "आणि हसत होते रे! अडतीस वर्षांच्या संसारात त्या माणसाचे दात मी पाहिले नाहीत. काल सगळे पाहिले. पोट धरून हसत होते."

मला इतकं बरं वाटलं, की मीही रडलो. "मला काही म्हणाले का, आई? कोंबड्याबद्दल?"

"तुझ्याबद्दलच बोलत होते सगळा वेळ. म्हणाले, सूप बरं होतं, पठण बरं होतं, पण जावयानं मजा आणली. एवढं दरवर्षी करत जा म्हणाले."

"आई, म्हणजे काय?"

"गेलेल्या माणसाची इच्छा आहे, जावईबुवा. मोडता येणार नाही." असं म्हणून त्यांनी मागचं दार उघडलं आणि माझ्या तीन काड्यांना स्वतः पाणी घातलं.

काड्यांना आता पुन्हा पानं फुटलीत. काल सासऱ्यांच्या वर्षदिनाची आमंत्रणं छापून आली, लमयायनं स्वतः मजकूर लिहिलाय. दहा वाजता पठण, अकरा वाजता भन्तेंचं भोजन, साडेअकरा वाजता जावयांचं मनोगत. गेल्या वेळी छप्पन्न माणसं होती. या वेळी सासूबाईंनी दोनशे खुर्च्या सांगितल्यात.