डावा माइक, उजवा माइक

दीपकने गोडाऊनच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवली. टाळी समोरच्या भिंतीवर गेली, तिथून छताच्या पत्र्यावर, पत्र्यावरून मागच्या शटरवर, आणि सगळ्यांच्या भेटीगाठी घेऊन परत आली तेव्हा दीपकचे हात खिशात गेले होते.

"ऐकलं?" त्याने विचारलं.

"अजून ऐकूनच राह्यलो," संघपाल म्हणाला.

संघपाल ड्रमसेटच्या मागे स्टुलावर बसला होता. पंचक्रोशीतल्या लग्नांच्या बँडमध्ये तो ड्रम वाजवायचा, आणि असा वाजवायचा की घोड्यावरचा नवरदेवही उतरून नाचायचा. नागपूरच्या एका ऑर्केस्ट्राला ड्रमवाला हवा होता. संघपालने मोबाइलवर वाजवणं टिपून पाठवलं, तर तिकडून उत्तर आलं, 'हे ड्रम आहेत की तेलाचे डबे? नीट रेकॉर्डिंग पाठवा.' ते नीट रेकॉर्डिंग आज संध्याकाळपर्यंत जायला हवं होतं. नाही तर ती जागा दुसऱ्याला मिळणार होती.

नीट रेकॉर्डिंग करू शकणारा माणूस मेहकरकडच्या बीबीजवळच्या त्या गावात एकच होता. दीपकने पुण्यात ध्वनिमुद्रणाचा कोर्स केला होता. गावाच्या हिशेबात तो 'माइक शिकून' आला होता. त्याचे वडील उकंडराव मोठे शेतकरी. सोयाबीन नुकतंच विकलेलं, त्यामुळे गोडाऊन रिकामं. "पसारा करजा, पण शटरले पोचे पाडू नका," एवढं बजावून उकंडराव सकाळच्या एसटीने मेहकरला गेले होते.

दीपकने आडव्या बांबूला दोन माइक बांधले आणि ड्रमसेटच्या वर लटकवले. एक डावीकडे, एक उजवीकडे. मग आईला हाक मारली. रुखमाबाई सुतळीचं एक टोक धरून ड्रमपाशी उभ्या राहिल्या. समोरच्या छोट्या ड्रमपासून दोन्ही माइक सारख्याच अंतरावर हवेत, असा दीपकचा आग्रह होता.

"एवढं मोजून काऊन राह्यला?" रुखमाबाईंनी विचारलं. "पत्रिका जुळवून राह्यला का माइकाची?"

"आई, एक माइक जवळ अन् एक दूर असला ना, तं एकात आवाज आधी पोचते अन् दुसऱ्यात मागून. मंग दोघं एकमेकाले खाते. ड्रम पातळ वाजते."

"मंग एकच लाव ना बापा. भांडणच नाई."

"एका माइकात सगळं एकाच जागेहून ऐकू येते. दोन असले म्हंजे डोळे मिटून ऐकलं तरी कळते, झांज इकडे हाय, ढोल तिकडे हाय. आपल्याले दोन कान कायले असते?"

"एकानं ऐकाले अन् दुसऱ्यानं सोडाले. तुह्या बापाले विचार."

सुतळीने माइकचं जमलं, पण घुमणं काही जाईना. संघपालने एक ठोका मारला की गोडाऊन त्याचे पाच करून परत द्यायचं. रुखमाबाईंनी कुरकुरत घरातल्या सगळ्या गोधड्या आणून दिल्या. दीपकने त्या भिंतींवर टांगल्या. फरक पडला, पण गोडाऊनच्या मानाने गोधड्या म्हणजे हत्तीच्या पाठीवर रुमाल. शेवटी त्याला कोर्समधली एक गोष्ट आठवली: भरलेल्या सभागृहात आवाज घुमत नाही, कारण माणसं आवाज पिऊन टाकतात.

त्याने आपला मित्र रवी याला फोन लावला. रवीचं चौकात मोबाइलचं दुकान होतं.

"रव्या, गोडाऊनात माणसं पाह्यजेत. दहा-पंधरा आण. नुसतं बसायचं. बोलायचं नाई, खोकायचं नाई, मोबाइल बंद. चहा आपला."

"कोन्ती माणसं आणू?"

"कोन्तीबी. वजनदार असली तं बरं. जेवढा माणूस जाड, तेवढा आवाज पेते."

रवी प्रामाणिक गडी. दुकानाच्या पायरीवर उभा राहून त्याने निरोप जसाच्या तसा दिला, फक्त शेवटचं वाक्य लांबत होतं म्हणून गाळलं. "उकंडरावच्या गोडाऊनात वजनदार माणसायले बोलावलं हाय! बोलायचं नाई, मोबाइल बंद ठेवायचा, चहा हाय!"

ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आली होती. त्यामुळे चौकाने कान टवकारले. मोबाइल बंद, बोलायचं नाही आणि वर चहा, याचा अर्थ गावात शेंबड्या पोरालाही कळत होता. गुप्त बैठक! उकंडराव उभे राहत होते! आणि वजनदार माणसांनाच बोलावणं असल्यामुळे, न जाणं म्हणजे आपलं वजन नाही हे स्वतःच्या तोंडाने कबूल करणं. पानठेला ओस पडला. न्हाव्याच्या खुर्चीतला एक जण अर्धी दाढी तशीच ठेवून निघाला.

गोडाऊन भरू लागलं तसा दीपक हरखून गेला. कानाला हेडफोन लावून तो टाळ्या वाजवत होता आणि दर टाळीला आवाज आणखी स्वच्छ होत होता. "या, या! मागे भिंतीले लागून बसा. काका, तुमी कोपऱ्यात बसा, तिथं लय गरज हाय तुमची." ज्या काकांची गावात कुणालाच गरज नव्हती, ते भारावून कोपऱ्यात बसले.

ही बातमी सरपंच चंद्रशेखर यांच्याकडे पोचली तेव्हा ते जेवत होते. उकंडराव उभे राहतात याचं त्यांना तेवढं दुःख झालं नाही. "वजनदार माणसं बोलावली अन् मले नाई?" असं म्हणत त्यांनी हात धुतला आणि उपसरपंच हर्षल याला मोटारसायकल काढायला लावली.

चंद्रशेखर गोडाऊनच्या दारात थबकले. आत अर्धं गाव मांडी घालून बसलेलं, आणि कुणी ब्र काढत नव्हतं. सरपंच म्हणून त्यांनी इतक्या ग्रामसभा घेतल्या, पण गाव गप्प बसलेलं पहिल्यांदाच पाहत होते. मग त्यांची नजर वर गेली.

"दोन माइक?" ते हळूच म्हणाले. "एका माणसाले दोन माइक कायले लागते? दुसरा कोण हाय?"

हर्षलने खांदे उडवले. चंद्रशेखरांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तुह्यासाठी तं नाई ना बे?"

"भाऊ! शपथ घ्या!"

"मंग घाम काऊन आला तुले?"

"पत्र्याखाली उभा हाय भाऊ!"

चंद्रशेखरांनी सरळ दीपकलाच गाठलं. दीपक वाकून लॅपटॉपमध्ये बघत होता. "दीपक बेटा, हे दोन माइक कोणाकोणासाठी?"

"एक डाव्यासाठी, एक उजव्यासाठी," दीपक मान वर न करता म्हणाला. "दोघायले सारखं अंतर दिलं. आता कोणी कोणाले खाणार नाई. शेखरकाका, तुमीबी बसा ना, तुमच्या येण्यानं लय फरक पडून राह्यला."

डावे आणि उजवे एकत्र! अख्ख्या देशात जे कुणाला जमलं नाही ते उकंडरावने गोडाऊनात जमवलं, आणि अंतरसुद्धा ठरवून दिलं! सरपंच मटकन गोधडीपाशी बसले. आवाज आणखी स्वच्छ झाला.

इकडे उकंडराव मेहकरहून परतले. फाट्यावर उतरताच दोन माणसांनी त्यांच्या गळ्यात हार घातला.

"काय झालं?" उकंडरावांनी हार चाचपत विचारलं. "गोडाऊन तं बरं हाय ना?"

"भरलं!"

"भरलं? अरे, माल तं इकला मी! कायनं भरलं?"

"माणसायनं! उकंडभाऊ, आमी तुमच्यासंग हाओत. फक्त एवढं सांगा, दुसरा कोण?"

"दुसरा कुठला बापा," उकंडराव म्हणाले. "एकच पोरगं हाय मले."

ती दोघं एकमेकांकडे पाहून अर्थपूर्ण हसली. माणूस पोटातलं ओठावर येऊ देत नाही, हे त्यांना आवडलं.

उकंडराव हारासकट गोडाऊनात शिरले तेव्हा दीपक लाल बटन दाबण्याच्या तयारीत होता. वडिलांना पाहताच त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि बसायची खूण केली. उकंडरावांनी गच्च भरलेलं गोडाऊन पाहिलं, भिंतीवर टांगलेली आपली गोधडी पाहिली, आणि ते बायकोशेजारी टेकले.

"कोणी गेलं का?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"शूऽऽ," रुखमाबाई म्हणाल्या. "पोरगं आवाज पाजून राह्यलं लोकायले."

दीपकने हात खाली आणला आणि संघपालने सुरुवात केली.

आधी नुसती झांजेवर काडीची कुजबुज. मग छोट्या ड्रमवर सर उतरावी तशी बोटांची वाटावी अशी नाजूक थाप, आणि मग पायाखालचा मोठा ढोल. दीपकने डोळे मिटले. एक झांज डाव्या कानाशी होती, दुसरी उजव्या कानाशी, आणि मधला ठोका बरोबर कपाळाच्या मध्यावर. जणू संघपाल त्याच्या डोक्यातच स्टूल टाकून बसला होता. पुण्यात महागड्या स्टुडिओत त्याने शिकताना जे ऐकलं होतं, ते आपल्या पत्र्याखाली, आपल्या गावच्या पोराच्या हातातून येत होतं. बसलेली माणसं कशाला आली होती ते विसरली. न्हाव्याकडून उठून आलेला अर्ध्या दाढीनेच मान डोलवत होता.

संघपालने शेवटचा ठोका झांजेवर मारला आणि काड्या हवेतच थांबवल्या. झांजेचा नाद विरत विरत जाऊ लागला. तो पूर्ण विरेपर्यंत कुणी हलू नये म्हणून दीपकने हात वर धरला.

चंद्रशेखरांना तो हात म्हणजे मतदान वाटलं. आता गाव हात वर करणार आणि सगळं संपणार. ते ताडकन उठले, थेट ड्रमसेटला खेटून दोन्ही माइकच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि कळवळून बोलले, "गावकरी बंधू-भगिनींनो! हा आवाज ऐकला आपण? हा साधा आवाज नाही, ही काळाची हाक आहे! अशा वेळी मी आडवा येणार नाही. उकंडराव बिनविरोध सरपंच झाले पाहिजेत, अशी मीच सूचना मांडतो!"

उकंडराव धडपडत उठले. "अरे पण मी..." एवढंच त्यांच्या तोंडून निघतंय तोच दीपकने डोळे वटारून ओठांवर बोट ठेवलं. झांज अजून विरली नव्हती. उकंडराव पोराच्या धाकाने गप्प झाले. गावाने त्या मौनाचा व्हायचा तोच अर्थ लावला, आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की इतकी माणसंही तो पिऊ शकली नाहीत.

दीपक डोकं धरून बसला. शेवटचा तुकडा कापून मगच रेकॉर्डिंग पाठवायचं त्याने ठरवलं, पण लोकांनी त्याला भावी सरपंचांचा चिरंजीव म्हणून खांद्यावर घेतलं. संध्याकाळ होत आली होती. "रव्या, शेवटचं कापून पाठव!" असं तो वरून लॅपटॉपपाशी उभ्या असलेल्या रवीला ओरडला. यातलं 'शेवटचं कापून' गर्दीच्या गलक्यात हरवलं. रवीने सगळंच्या सगळं पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संघपाल धापा टाकत दीपककडे आला. नागपूरचा फोन चालूच होता. त्याने तो मोठ्या आवाजावर टाकला.

"ड्रम एकदम मस्त," तिकडचा माणूस म्हणत होता. "तुम्ही पक्के. पण शेवटी ते बोलतात कोण? काय आवाज आहे! बरोबर मधोमध! आमचा निवेदक सोडून गेलाय हो. हे गृहस्थ येतील का?"

गृहस्थ आले. चंद्रशेखरांनी एका शब्दानेही आढेवेढे घेतले नाहीत. आयुष्यभर त्यांनी गावाला ऐकवायचा प्रयत्न केला होता, आणि गाव मध्येच उठून जायचं. तिकीट काढून ऐकायला बसणारी माणसं जगात असतात, हे त्यांना पन्नाशीत कळलं.

उकंडराव बिनविरोध निवडून आले. पहिल्याच ग्रामसभेत लोक त्यांच्यावर नाल्यांवरून तुटून पडले. त्यांनी घाबरून ओठांवर बोट ठेवलं आणि नाल्या मात्र चुपचाप साफ करून घेतल्या. त्यामुळे गाव त्यांना फार विचारी माणूस समजतं.

चंद्रशेखर आणि संघपाल आता गावोगाव कार्यक्रम करतात. अडचण एकच आहे. चंद्रशेखर एकदा बोलायला लागले की काळाची हाक, मातीचं ऋण, तरुणांचं कर्तव्य असं करत पुढच्या गाण्यापर्यंत पोचतच नाहीत. मग संघपाल मागून ढोलावर एक जोरदार ठोका हाणतो. चंद्रशेखर दचकतात आणि गाण्याचं नाव सांगून टाकतात.

परवा अकोल्यात लोकांना तो प्रकार इतका आवडला की गाणं झाल्यावर पुढच्या रांगेतून चिठ्ठी आली, 'गाणं राहू द्या. त्या काकांना परत एकदा दचकवा.'