आबांचा राग गेल्याचा दाखला

मुरलीधर करडे यांच्या एका समजाची मुदत मंगळवारी दुपारी तीन वाजता संपत होती.

गावात प्रत्येक समज दर सात वर्षांनी समजूत नोंदणी कार्यालयात जाऊन नवा करून घ्यावा लागतो. नाही केला, तर जातो. मुरलीधरांच्या शेजारचे नेवाळकर मास्तर याच चुकीपायी दोन वर्षं अंगणात राहतात. छप्पर डोक्यावर पडणार नाही, हा त्यांचा समज गणपतीच्या गडबडीत नवा करायचा राहून गेला. घरच्यांनी शंभरदा समजावलं. मास्तर ऐकून घेतात, मान डोलावतात आणि जेवणाचं ताट घेऊन बाहेर जातात.

मुरलीधरांचा समज एवढाच होता, की आबांनी जाण्यापूर्वी आपल्याला माफ केलं. आबा, म्हणजे त्यांचे वडील, तांब्याची भांडी घडवायचे. मुलगा भांड्यांचा धंदा सोडून एसटीत कंडक्टर झाला, तेव्हापासून नऊ वर्षं ते त्याच्याशी बोलले नाहीत. मुरलीधर दारात आले की आबांची हातोडी थांबायची आणि ते गेले की पुन्हा सुरू व्हायची. शेवटच्या दिवशी मुरलीधर ड्यूटीवर होते. उशाशी थोरली बहीण अक्का होती. "मुरलीला सांग, माझा राग गेला," असं आबा तिला म्हणाले. त्या एका वाक्याच्या जोरावर मुरलीधरांनी लग्न केलं, दोन मुली वाढवल्या, आरशात बघून दाढी केली. आज ते वाक्य गेलं तर आपलं कसं व्हायचं, या विचाराने ते सकाळपासूनच कार्यालयाच्या बाकावर येऊन बसले होते.

साक्षीदार म्हणून अक्काच लागायची. ती पावणेतीनला उगवली.

"अगं, किती उशीर! जीव टांगणीला लागला माझा."

"गाडीच उशिरा सोडली. कंडक्टर तुझाच भाऊबंद."

खिडकीवरच्या घैसासबाईंनी अर्ज वाचला. "साक्षीदाराचं स्वतःचं प्रमाणपत्र?"

"दर वेळी अक्काची सही चालते हो."

"नवीन परिपत्रक आलंय. साक्षीदाराचा तोच समज चालू आहे का, ते बघावं लागतं."

मुरलीधरांनी घड्याळाकडे पाहिलं. अक्काने मात्र शांतपणे पिशवीतून घडी केलेला कागद काढला. "आहे की माझं. अजून चार वर्षं चालेल."

बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि रकान्यावर बोट ठेवून मोठ्याने वाचलं. "समज कोणाकडून झाला. मुरलीधर करडे, बहीण रत्नप्रभा यांच्याकडून. रत्नप्रभा वडके, भाऊ मुरलीधर यांच्याकडून."

मुरलीधरांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"अक्का, आबा तुलाच म्हणाले होते ना?"

"मला? अरे, तूच सांगितलंस मला. तेराव्याला, न्हाणीच्या दाराशी. किती रडलो आपण दोघं!"

"पण मी तर गाडीवर होतो. जवळ तू होतीस."

"मी औषध आणायला गेले होते रे," अक्का म्हणाली. तिचा आवाज खाली गेला. "परत आले, तेव्हा सगळं संपलं होतं."

मग जवळ कोण होतं, हे दोघांनीही विचारलं नाही. भिंतीवरच्या घड्याळात तीनला दोन मिनिटं कमी होती.

"अर्ज मागे घ्यायचा असेल तर आत्ताच सांगा," बाई म्हणाल्या. "तुमचा रद्द झाला, की यांचाही आजच रद्द होईल. त्यांना आधार तुमचाच आहे."

मुरलीधरांनी अक्काकडे पाहिलं. पासष्ट वर्षांची बाई, पदराचं टोक मुठीत धरून उभी होती. औषधाची बाटली हातात घेऊन दारात उभी राहिली असेल, तेव्हाही ती अशीच दिसली असेल. त्यांना रडू येऊ लागलं.

"मागे नाही घ्यायचा," ते म्हणाले.

"मग काहीच अडचण नाही. कागद चोख आहेत. आधार दोन्ही बाजूंनी आहे. इतके पक्के कागद क्वचित येतात." बाईंनी शिक्का मारला.

पायऱ्या उतरताना मुरलीधरांनी अक्काची पिशवी आपल्या हातात घेतली.

"अक्का, आबा नेमकं काय म्हणाले होते गं?"

"मुरलीला सांग, माझा राग गेला," अक्का म्हणाली, अगदी आबांच्याच हेलात. मग दोघं तिची साडेतीनची गाडी गाठायला झपाझप स्टँडकडे निघाले.