झाडामागचा हेल्मेटवाला

पेइ-फनचा जुना मॉनिटर गेला आणि घरात दोन पक्ष पडले. पेइ-फन लग्नाच्या फोटोंचं टचअप करायची. नवरीच्या ओठांचा लाल हा लालच दिसायला हवा, टोमॅटोचा नको आणि विटेचाही नको, असं तिचं म्हणणं. तिचा धाकटा दीर पो-हान गेमच्या स्पर्धा खेळायचा. शत्रूने मान वळवायच्या आत तो आपल्याला दिसायला हवा, असं त्याचं म्हणणं. घरात कॉम्प्युटर मात्र एकच होता. पेइ-फनचा नवरा कुओ-तुंग याने आयुष्यात बायकोलाही कधी नाही म्हटलं नव्हतं आणि भावालाही. तो दुकानात गेला आणि दोघांच्या पसंतीचे दोन्ही मॉनिटर उचलून घेऊन आला.

"वापरून बघा," तो म्हणाला. "संध्याकाळी यातला एक परत करायचा, असं कबूल करून आलोय."

दोन्ही मॉनिटर जेवणाच्या टेबलावर विराजमान झाले, आणि घरची मंडळी भाताचे वाडगे हातात धरून उभ्याउभ्या जेवू लागली.

पेइ-फनला त्या संध्याकाळीच एक फोटो छपाईला पाठवायचा होता. युन-रू नावाच्या नवरीचा, जेवणावळीच्या हॉलच्या दारात लावायचा भलामोठा फोटो. पांढराशुभ्र झगा आणि मागे दाट झाडी. पो-हानने तो आपल्या मॉनिटरवर लावला.

"बघितलंस? नवरी कावीळ झाल्यासारखी दिसतेय," पेइ-फन म्हणाली. "खोटारडा आहे तुझा मॉनिटर."

"रंगाचं सोड, वहिनी. याची खरी कमाल अंधारात आहे. हे बटण दाबलं ना, की सावलीत दडलेला माणूससुद्धा सुटत नाही."

त्याने बटण दाबलं. इतके दिवस काळीठिक्कर दिसलेली झाडी उजळून निघाली. खोडांवरचं शेवाळ दिसलं, पानांमागची पानं दिसली, एक खारही दिसली. पेइ-फन पाहतच राहिली. ज्या फोटोवर आपण इतका वेळ डोळे फोडले, त्यात एवढं जग भरलं होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता, याचं तिला फार नवल वाटलं.

"वहिनी, डाव्या हाताला, दुसऱ्या झाडामागं," पो-हान एकदम हळू आवाजात म्हणाला. "माणूस आहे."

सवयीने त्याचं बोट माउसवर दाबलंही गेलं. बरं झालं, गेम चालू नव्हता.

झाडामागे खरंच एक माणूस होता. अंगात बाह्या दुमडलेला शर्ट, डोक्यावर स्कूटरचं पिवळं हेल्मेट. छापताना अंधार जरा जरी उजळला, तर हा बाबा सगळ्या पाहुण्यांसमोर नवरीच्या खांद्यावरून डोकावेल. तिने हात चालवला आणि त्याच्या जागी चांगलं भरघोस झुडूप उगवलं.

मग शंका आली म्हणून तिने पुढचा फोटो लावला. हेल्मेट तळ्याकाठच्या होडीआड होतं. त्याच्या पुढच्यात मंदिराच्या खांबाआड. नवरी जिथे जाईल तिथे हेल्मेट हजर.

"पाठलाग करतोय मेला," पेइ-फन म्हणाली. "पोलिसांना सांगायचं की तिला?"

"दोघांनाही सांगू," कुओ-तुंग म्हणाला.

पेइ-फनने आधी नवरीला फोन केला. युन-रू स्कूटर दामटत आली, धापा टाकत टेबलापाशी उभी राहिली आणि मॉनिटरकडे बघता बघता मॉनिटरच्या रिकाम्या खोक्यावर मटकन बसली.

"हे माझे बाबा आहेत."

कुओ-तुंगने पोलिसांसाठी हातात घेतलेला फोन हळूच खिशात टाकला.

"ते आलेच नव्हते हो," युन-रू म्हणाली. "वाघाच्या सालात जन्मलेले ना ते. म्हणाले, सजलेल्या नवरीवर वाघाची नजर पडायला नको. मी म्हटलं, अहो बाबा, नुसते फोटो तर काढायचेत. तर म्हणे, बाजारात काम आहे. मला वाटलं, वाघाचं नुसतं निमित्त, यांना जावईच पसंत नाही. रागाच्या भरात बोलून बसले, मग जेवणावळीलाही येऊ नका. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे."

वाघाच्या सालात जन्मलेल्याची दृष्ट नवरीला लागते, हे ताइचुंगमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण वाघाने झाडामागे लपून राहावं, हे कोणी ऐकलं नव्हतं.

युन-रूने तिथूनच फोन लावला. पलीकडून मासळी बाजाराचा कालवा ऐकू आला.

"बाबा, तुम्ही झाडामागं काय करत होतात?"

"कुठल्या झाडामागं?"

"सगळ्याच."

पलीकडे सुरीची खटखट थांबली. "अगं, पण मी बघितलं नाही तुला. खरंच सांगतो. डोळे मिटून उभा होतो."

"काहीतरीच सांगू नका. डोळे मिटायला एवढ्या लांब आलात?"

"तुझं हसणं ऐकू येत होतं ना."

पो-हानच्या मॉनिटरवर चेहरा नुसता मातकट डाग होता. पेइ-फनने युन-रूला झुडपाचं सांगून टाकलं, मूळ फोटो आपल्या मॉनिटरवर घेतला, झाडी उजळवली आणि तो चेहरा मोठा करत नेला. सुरकुतीन् सुरकुती दिसू लागली. गालावर चिकटलेला माशाचा खवलाही दिसला. आणि डोळे मिटलेले होते, घट्ट. तिने तळ्याकाठचा फोटो लावला, मग खांबाआडचा. सगळीकडे मिटलेलेच. इतक्या वर्षांत तिने हजारो चेहरे साफ केले होते, पण असा चेहरा तिच्यासमोर आला नव्हता. ती हात आवरून बसली.

"मग परत कुठला करू?" कुओ-तुंगने विचारलं. त्याच्याकडे कोणी बघितलंही नाही.

"त्या झुडपातनं बाबांना बाहेर काढा ना," युन-रू म्हणाली. "दारात हाच फोटो लागू दे. त्यांच्यासकट."

पेइ-फनने मान डोलावली. मग म्हणाली, "डोळे उघडून देऊ का? मिटलेले डोळे आम्ही नेहमीच उघडतो. कोणाला कळतही नाही."

फोन अजून चालूच होता. युन-रूने तो कानाशी नेला, पण बोलली पेइ-फनशी.

"नको. ते मी उघडायला लावीन, जेवणावळीच्या दिवशी."