पेंग्विनचं लेबल आणि गोदाक्काचे कान

एका जंगलात मंगळवार होता, मुलांनो. विशेष असं काही नव्हतं. गोदाक्का अस्वलीण वारुळापाशी बसून नाश्ता करत होती. तेवढ्यात दुकानदार वानरशेठ झाडावरून ओरडला, "अक्का, तुमची सोय झाली! आता यंत्रांवर लेबलं लागणार!"

गोदाक्काने ओठांवरची वाळवी पुसली. "कसली लेबलं?"

"मोकळ्या प्रणालीवर कुठलं यंत्र चालतं, त्याची!"

मोकळी प्रणाली म्हणजे काय, ते ऐका. जंगलातले बहुतेक संगणक वाघाच्या प्रणालीवर चालत. तिच्या आत काय आहे, ते फक्त वाघाला ठाऊक. मोकळी प्रणाली मात्र कोणीही उघडावी, दुरुस्त करावी, शेजाऱ्याला द्यावी. गोदाक्काच्या नवऱ्याने, दाजीबाने, ती घरच्या संगणकावर स्वतः बसवली होती.

मागच्या थंडीत दाजीबा गेला. संगणक राहिला. त्यात दाजीबाने काढलेलं गोदाक्काचं चित्र होतं. चित्रात ती बटाट्यासारखी दिसत होती. तरी तिला ते कागदावर हवं होतं, कारण संगणकही आता थकला होता. सकाळी सुरू केला की दुपारी जागा होई.

पण प्रिंटर कुठला आणायचा? तीन आणून झाले, मोकळ्या प्रणालीपुढे तिन्ही मुके.

"वाघाची प्रणाली घाला," वानरशेठ म्हणे. "जुनं सगळं पुसलं जाईल, पण प्रिंटर कसा पळेल बघा!"

"मग छापू काय, तुझं शेपूट?"

तर लेबलांसाठी समिती नेमली. अध्यक्ष रानरेडा. मोकळ्या प्रणालीची खूण पेंग्विन, म्हणून लेबलावर पेंग्विन. जंगलात तो कोणीच पाहिलेला नव्हता. हा कोट घातलेला बगळा की वकील झालेला कावळा, यावर दोन बैठका गेल्या.

मग तपासणी आली.

"मोकळी प्रणाली आपल्यापैकी कोणाकडेच नाही," रानरेडा म्हणाला. "तेव्हा जे तपासता येतं, ते तपासू."

त्यांनी प्रत्येक यंत्रावर लेबल चिकटवलं. त्यावर पाणी ओतलं. रानरेड्याने खांदा घासला. तीन दिवसांत लेबल निघालं नाही, तर यंत्र पास. अकरा प्रिंटर पास झाले. वाटेत झोपलेलं एक कासवही पास झालं, तेही पहिल्या क्रमांकाने. वानरशेठने ते दुकानात दर्शनी मांडलं.

गोदाक्काने पेंग्विनवाला प्रिंटर नेला. दुसऱ्या दिवशी वानरशेठकडे परत आणला.

"चालत नाही रे हा!"

"अक्का, लेबल निघालं का?"

"नाही."

"मग तक्रार कसली?"

शेवटी सुतारपक्षी आपला प्रिंटर घेऊन तिच्या घरी आला. लाकडी, खडबडीत. समितीने त्यावर लेबल पाच वेळा लावलं, पाचही वेळा गळून पडलं.

"नापास आहे, अक्का. पण माझ्याकडेही मोकळी प्रणालीच आहे. मी रोज चालवतो."

त्याने वायर जोडली. खरखर झाली. कागद हळूच वर सरकला. दोन कान आले. गोल, थोडे वाकडे.

अक्का तोंडावर पंजा धरून बसली.

तेवढ्यात दारात रानरेडा. "याचं लेबल कुठंय?" त्याने वायर उपटली. "तासून गुळगुळीत करून परत देऊ. लेबल नीट बसायला नको?"

"अहो आबा, कान झालेत नुसते! थोडं थांबा."

"अक्का, नियम तुमच्याच सोयीसाठी केलाय!" असं म्हणून त्याने प्रिंटर शिंगांवर घेतला आणि गेला.

तात्पर्य : यंत्र चालतं का, असल्या किरकोळ चौकशा शहाण्याने करू नयेत. लेबल ओढून पाहावं. निघालं नाही, तर वस्तू उत्तम समजावी. कासवाबद्दल अद्याप एकही तक्रार आलेली नाही. गोदाक्काने कानांचा कागद भिंतीवर लावला आहे. खालचं चित्र छापायचं राहिलं.