बँडमास्तरांची बेचाळीस इंची कंबर

त्या सकाळी टेलरकाकांच्या दुकानात अकरा वादक नवे कोट चढवून आरशासमोर उभे होते आणि एकाच्याही अंगावरचा कोट त्याचा स्वतःचा वाटत नव्हता. बासरीवाल्याच्या कोटात आणखी एक बासरीवाला सहज मावला असता. बँडमास्तरांची बटणं तर काजांकडे नुसती लांबून बघत होती.

“काका, रविवारी कार्यक्रम आहे,” बँडमास्तर श्वास रोखून म्हणाले. “तीस वर्षं तुमच्याकडे शिवतोय. पण हे असंच राहणार असेल तर आम्ही चाललो समोरच्या रेडिमेडवाल्याकडे. कायमचे!”

काकांनी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेल्या जावयाकडे पाहिलं.

जावई प्रोग्रॅमर. महिन्यापूर्वी सासऱ्यांची मापांची वही बघून त्याला हसू आवरेना. ‘डावा खांदा उतरता’, ‘जेवून आला होता, अर्धा इंच वजा’ असला सगळा मजकूर! त्यानं लगेच फंक्शनांची एक जोडी लिहिली. पहिलं फंक्शन इंचांचा साइझ करी: छोटा, मधला नाहीतर मोठा. दुसरं त्या साइझचे पुन्हा इंच करून देई. “मामा, एकानं आत टाकायचं, दुसऱ्यानं बाहेर काढायचं. गेलं तसंच परत येतं. वही हवीच कशाला?” काकू ‘अहो, राहू द्या वही’ म्हणेपर्यंत वही रद्दीत गेलेली.

“चूक शक्यच नाही,” जावई आता म्हणाला. “हजार वेळा तपासलंय. हे बघा, ‘मोठा’ टाकला, बेचाळीस आले. बेचाळीस टाकले, ‘मोठा’ आला. झालं की नाही?”

“जावईबापू, तुम्ही साइझकडून निघालात. माझ्या दुकानात साइझ येत नाहीत, माणसं येतात. माणसाकडून निघा.” काकांनी बँडमास्तरांच्या पोटाला टेपनं प्रदक्षिणा घातली. “सत्तेचाळीस. टाका.”

सत्तेचाळीसचा झाला ‘मोठा’. ‘मोठा’चे परत आले बेचाळीस. बासरीवाला तीस इंचांचा आत गेला आणि छत्तीसचा होऊन बाहेर आला.

जावयाचा चेहरा इस्त्री न केलेल्या कापडासारखा झाला. “एकाच बाजूनं तपासलं मी...”

बँडमास्तर मात्र पडद्यावर वाकले होते. “हे बेचाळीस कोण?”

“तुम्हीच.”

त्यांनी पोटावरून एकदा हात फिरवला. मग हळूच म्हणाले, “छापून मिळेल का हो? घरी दाखवायचंय.”

काकांचा जीव भांड्यात पडला. त्यातून त्यांचा यंत्रावर विश्वास नव्हताच, म्हणून प्रत्येक शिवणीच्या आत तीन बोटं जादा कापड दुमडून ठेवलेलं होतं. शनिवारपर्यंत अकराही कोट उसवून ज्याच्या त्याच्या अंगावर बसले.

“सैल करा,” बँडमास्तरांनी बजावलं होतं, “पण आतल्या मापाच्या पट्टीवर बेचाळीसच राहू दे.”

रविवारी त्यांनी वाजवलं कमी आणि कोट उलटून पट्टीच जास्त दाखवली.

सोमवारी दुकानासमोर ही रांग! आणि रांगेत एकही माणूस बारीक नाही. “कंबर पाच इंच उतरते ते दुकान हेच ना?” बेकरीवाल्यानं विचारलं आणि पोट पुढे केलं. पन्नास. जावयानं पन्नास आत टाकले. पन्नासच परत आले. बेकरीवाल्यानं पडद्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि तो रस्ता ओलांडून रेडिमेडवाल्याकडे निघाला. त्याच्या मागोमाग खाटीक. मग तालीमवाले वस्ताद.

काकांनी कात्री खाली ठेवली. “काय केलंत, जावईबापू?”

“दुरुस्त केलं, मामा!” जावई छाती फुगवून म्हणाला. “दोन दिवस झोपलो नाही. आता दोन्हीकडून गेलं तसंच परत येतं.”

“शाबास,” काका म्हणाले आणि खणातून कोरी वही काढून त्यांनी पेन्सिलीला टोक केलं. “मापं मी इथं लिहितो. चौथा माणूस आत यायच्या आधी तुमचं ते पहिल्यासारखं बिघडवा.”